भरल्या गाडीत बोलायचं नाही

बायको : अहो, डावीकडे वळायचं होतं ना? शोरूम मागे राहिली.

नवरा : माहीत आहे.

बायको : मग?

नवरा : पुढून वळसा घेऊन येतो. तिथे गर्दी होती.

बायको : कसली गर्दी? एक सायकलवाला आणि एक कुत्रा.

नवरा : तुला एकोणीस वर्षं मागे बघायची सवय. पुढचं तुला काय कळतंय?

बायको : आज मीही पुढेच बघतेय. मागे आहे काय बघायला? काचा टेकवायची ती लाकडी घोडी आणि चार गोधड्या. गोधड्या तरी काढून घ्यायच्या होत्या घरी. शोरूमवाल्याला त्यात काय गुंडाळायचंय?

नवरा : राहू देत. गाडी बघेल तेव्हा गाडीसारखी दिसू दे त्याला.

बायको : ही चौथी वेळ आपली.

नवरा : तिसरी.

बायको : चौथी! पहिल्यांदा शोरूम बंद आहे म्हणालात आणि गाडी वळवलीत. दारावर ‘उघडे आहे’ अशी ही एवढी पाटी लटकत होती. दुसऱ्यांदा तुमचा गुडघा दुखला, तोही नेमका शोरूमच्या फाटकाशी. तिसऱ्यांदा गाडीचे कागद सापडेनात.

नवरा : कागद मात्र खरंच सापडत नव्हते. दोन दिवस कपाटं उपसली मी. मग तिसऱ्या दिवशी टेबलावर आपोआप आले.

बायको : आपोआप नाही आले. मी आणून ठेवले. गादीखाली दडवले होते.

नवरा : कुठल्या गादीखाली?

बायको : तुमच्याच. दोन रात्री त्यांच्यावरच घोरत होता.

नवरा : अगं! त्या कागदांवरून मी मुलाला काय काय बोललो!

बायको : त्याचं वाईट वाटलं मला. पण त्यानेच घातलाय ना हा सगळा घाट? नवी गाडी, पगारी ड्रायव्हर, मागचं बघायला कॅमेरा.

नवरा : त्याचं काही चुकत नाही. मिस्त्रीनेच हात टेकले म्हटल्यावर तो तरी काय करेल? आणि जुनी गाडी देऊन नवीवर सूट मिळायचा आज शेवटचा दिवस आहे. उद्या हिला भंगारवालाही विचारणार नाही.

बायको : कॅमेऱ्याला ऐकू येतं का हो?

नवरा : ऐकू? पडद्यावर दिसतं नुसतं.

बायको : मग काच करकरली तर सांगणार कोण?

नवरा : कोणी नाही.

बायको : मग कसला मेला कॅमेरा! काच काय आधी दिसते का? ती आधी वाजते.

नवरा : हे मला शिकवतेस? तुला मीच शिकवलं ते.

बायको : शिकवलंत कसलं, ओरडलात. ही गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात. मी तुम्हाला विचारत होते, डब्यात काय देऊ उद्या, आणि तुम्ही, ‘चूप, काच बोलतेय!’ मला वाटलं, कसल्या येड्याच्या गळ्यात माळ घातली मी.

नवरा : आणि तरी दुसऱ्या दिवशी येऊन बसलीस गाडीत.

बायको : बसले. मागच्या काचेला नाक लावून. अहो, कधी लक्षात आलंय का तुमच्या, की या भागातले सगळे रस्ते मी उलटे बघितलेत? तुम्हाला झाड येताना दिसतं, मला जाताना. पूल जाताना. माणसं जाताना. एखाद्या जागी मी एकटी गेले ना, तर मला ती ओळखूच यायची नाही.

नवरा : रिकाम्या फेरीला बघायचीस की पुढे.

बायको : हो, रिकाम्या फेरीला. तेच तर म्हणतेय मी केव्हाची. रिकाम्या फेरीचं काय होणार आता?

नवरा : काय व्हायचंय? ड्रायव्हर काच पोचवेल आणि गाडी घेऊन येईल परत.

बायको : ड्रायव्हरचं नाही विचारत. तुमचं आणि माझं विचारतेय. जाताना गाडी भरलेली, म्हणून तोंडातून शब्द काढायचा नाही हा तुमचा नियम. पाळला मी. का पाळला? तर येताना गाडी रिकामी असायची आणि तुम्ही बोलायचात. घरापर्यंत बोलायचात! उद्यापासून तुम्ही दुकानात काच कापणार, मी घरी. बोलायचं कुठे आपण?

नवरा : घरी बोलू की.

बायको : घरी! उंबऱ्याच्या आत पाऊल पडलं की मिठाची गुळणी धरता तोंडात. भाजी कशी झालीय विचारलं तर ‘हं’. पोराचं लग्न बघायचं का, ‘हं’. परवा गॅस संपला म्हणून सांगितलं, तरी ‘हं’.

नवरा : गॅस आणून दिला ना?

बायको : दिलात. मुक्याने.

नवरा : आली शोरूम.

बायको : या वेळी थांबणार की अजून एक वळसा?

नवरा : थांबतो. पण एक सांगू? तुला चालवायला शिकवायला हवी होती मी ही गाडी. माझा गुडघा गेल्यावर तू चालवली असतीस.

बायको : एकदा म्हणाला होतात तसं.

नवरा : तेव्हा नवी कोरी होती. भीती वाटली. गाडीला लागेल कुठेतरी.

बायको : गाडीला. बरं.

शोरूमवाला : या सर, नमस्कार मॅडम! तुमच्या मुलाशी बोलणं झालंय माझं, फॉर्म तयार आहे. पिकअप फक्त मागे घ्या, त्या पट्ट्यापट्ट्यांच्या खांबाजवळ. तिथे आमची तपासणी होते. मागे कोणाला उभं करू का? जागा जरा अडचणीची आहे.

नवरा : नको. माझा माणूस आहे.

शोरूमवाला : कोण, मॅडम?

नवरा : हा माणूस मागे उभा असताना या गाडीला एक ओरखडा आलेला नाही. बोळात, बाजारात, कुठेही. जा गं.

बायको : उतरते. या. येऊ द्या. येऊ द्या. जरा डावीकडे घ्या. हां, सरळ करा आता. येऊ द्या.

शोरूमवाला : वा मॅडम, अगदी ट्रॅफिक पोलीस!

बायको : येऊ द्या. येऊ द्या.

शोरूमवाला : मॅडम, खांब आला.

बायको : येऊ द्या.

शोरूमवाला : मॅडम! सर, अहो सर!

(धाडकन आवाज होतो. मागचा दिवा फुटतो आणि हौद्याचा मागचा फाळका चांगला वीतभर आत जातो. एकोणीस वर्षांत गाडीने मागून खाल्लेला हा पहिला मार. नवरा इंजिन बंद करतो, पण उतरत नाही.)

शोरूमवाला : मॅडम, तुम्ही थांबा म्हणालाच नाहीत!

बायको : नाही म्हणाले.

नवरा : तुला लागलं का?

बायको : मला कुठे लागतंय? मी बाजूला होते.

शोरूमवाला : सर, आता मला किंमत कमी करावी लागेल. माझ्या हातात नाही ते. मॅनेजरना दाखवावं लागेल. सॉरी, पण गेला दिवा, फाळका गेला, आणि आमच्या खांबाचाही रंग गेलाय.

नवरा : जा, विचारून ये. सावकाश ये. तू इकडे ये गं, बस आत.

बायको : रागावलात?

नवरा : खांब दिसला नाही का तुला?

बायको : एवढा लाल-पिवळा खांब. आंधळ्यालाही दिसेल.

नवरा : मग थांबा का नाही म्हणालीस?

बायको : म्हणणार होते. अगदी जिभेवर आलं होतं. मग वाटलं, हे म्हटलं की तुम्ही थांबणार. नेहमी थांबता, माझ्या शब्दावर. मग चावी काढाल, खाली उतराल, संपलं. एका शब्दात संपणार सगळं आणि तो शब्द मीच बोलायचा! नाही आला तोंडातून. मी काय मुद्दाम नाही केलं. केलं असेल तर माहीत नाही.

नवरा : हं.

बायको : हं नका करू. गाडीत आहोत आपण अजून.

नवरा : बरं. गाडी नको देऊ या. दिवा बसवून घेतो, फाळका ठोकून घेतो. मिस्त्री बोलतो तसं, पण ऐकतो तो माझं. अजून एक वर्ष काढेल ही.

बायको : नाही. द्यायची.

नवरा : आत्ता तर म्हणालीस...

बायको : मी काय म्हणाले ते मला माहीत आहे. मनातलं सांगितलं तुम्हाला. म्हणून गाडी ठेवायची असं कुठे म्हणाले? त्या उतारावर गेल्या महिन्यात ब्रेक लागला नाही तुमचा.

नवरा : कोण म्हणालं?

बायको : कोण कशाला सांगायला हवं? तुम्ही म्हणालात, ‘अगं, जरा थांबू या इथे, फुलं बघू.’ भरल्या गाडीत बोललात हे एक. आणि दुसरं, लग्न झाल्यापासून तुम्ही कधी फूल बघायला थांबला नाहीत. मी उतरून आधी चाकापुढे दगड लावला. मग फुलं शोधली. कसली फुलं! नुसतं वाळलेलं गवत. आणि तुम्ही आत बसून. हात हँडब्रेकवरून सुटत नव्हता तुमचा.

नवरा : तुला घाबरवायचं नव्हतं.

बायको : घाबरलेच होते. गवताला छान छान म्हणत होते, एवढी घाबरले होते. घरी आल्यावर तीन दिवस जेवण गेलं नाही मला. त्यामुळे आज गाडी द्यायची. फक्त एवढंच की मला ती द्यायला आवडत नाहीये. दोन्ही खरं आहे.

नवरा : अगं, रडतेस काय?

बायको : मला गाडीचं काय घेऊन बसायचंय? लोखंड ते. मला तुम्ही हवेत. रिकाम्या फेरीतले. ते मला दुसरीकडे कुठे भेटतच नाहीत. माझंच माणूस, माझ्याच घरात, आणि आठवण येते मला त्याची. हसेल कोणी ऐकलं तर.

नवरा : भरल्या गाडीत बोलायचं नाही हा नियम मी कधी केला, आठवतं?

बायको : न आठवायला काय झालं? सभागृहाची ती मोठी काच फुटली, त्या दिवशी पक्का केलात. त्याआधी नुसतं ‘चूप चूप’ असायचं.

नवरा : माझ्यामुळे फुटली ती.

बायको : माझ्यामुळे. मी वळून तुमच्याकडे बघितलं. मागे लक्ष राहिलं नाही, दोरी सैल झालेली दिसली नाही.

नवरा : मी बोललो म्हणून वळलीस.

बायको : बोललात म्हणजे! ऊन तापलेलं, समोर तुमचा तो रस्ता, आणि ध्यानीमनी नसताना म्हणालात, ‘आपला मुलगा झाला ना, त्या दिवशी मी गोदामात काचांच्या मागे उभा राहून रडलो होतो.’ चार वर्षांनी सांगताय मला! वळणार नाही तर काय करणार मी?

नवरा : किती महाग पडलं ते बोलणं.

बायको : मला नाही वाटलं महाग. सगळे हळहळत होते त्या काचेसाठी, मी हळहळल्यासारखं करत होते. पण त्या दिवसापासून तुम्ही तोंडाला कुलूप घातलंत. भरल्या गाडीत तर घातलंतच, घरीसुद्धा घातलंत. घर काय भरलेलं असतं का?

नवरा : घरी मला जमत नाही.

बायको : काय जमत नाही?

नवरा : बोलायला. तू समोर बसतेस. तोंडाकडे बघतेस. पोळी वाढता वाढता विचारतेस, ‘बोला काय म्हणत होता.’ मग मला जे बोलायचं असतं ते जातं कुठेतरी. इथे कसं, तू शेजारी असतेस, मी रस्त्याकडे बघत असतो. कोणी कोणाकडे बघत नाही. आपोआप येतं तोंडात.

बायको : एवढंच?

नवरा : एवढंच.

बायको : अहो, एवढंच? मला इतकी वर्षं वाटत आलं, घरी आलं की माझा कंटाळा येतो तुम्हाला.

नवरा : डोकं फिरलंय का तुझं? कंटाळा आला असता तर पुलावरून आलो असतो. अर्ध्या तासात घर.

बायको : थांबा. पुलावरून घरी यायचा रस्ता तुम्हाला माहीत होता?

नवरा : तो कोणाला माहीत नाही?

बायको : आणि आपण तळ्याला वळसा घालून यायचो ते?

नवरा : ते असंच. रिकामी गाडी असायची. तू बोलत असायचीस.

बायको : अहो, मी जगभर सांगत सुटले, आमच्या ह्यांना रस्ते कळत नाहीत म्हणून!

नवरा : कळलं होतं मला. तुझ्या बहिणीने वाढदिवसाला नकाशा दिला होता.

बायको : आणि तुम्ही ‘हं’ करून घेतलात.

नवरा : काय सांगणार होतो तिला?

शोरूमवाला : सर, झालं काम. मॅनेजर म्हणाले, फार नाही कमी करत, तुमच्या मुलाने नवी गाडी आमच्याकडूनच घेतलीय. इथे सही करा. इथे, आणि इथे. मॅडम, नव्या गाडीत बसून बघणार? एसी आहे, पडदा आहे, मागचं सगळं स्पष्ट दिसतं.

बायको : मी बघितलंय मागचं सगळं. ते त्या ड्रायव्हरला दाखवा. आणि त्याला सांगा, काच नेताना खिडक्या उघड्या ठेवायच्या. तुमचा एसी राहू दे. नाहीतर त्याला काही ऐकू येणार नाही आणि आमच्या काचांचा चुरा होईल.

शोरूमवाला : सांगतो. सर, चावी?

नवरा : ही घे. दुसरा गिअर जरा अडतो. दाबायचा नाही जोरात. त्याला वेळ द्यायचा.

शोरूमवाला : काका, खरं सांगू? ही आता कोणी चालवणार नाहीये. सुटे भाग करतील.

नवरा : असू दे. तरी सांगून ठेवतो.

बायको : गोधड्या काढते हो मी. या सुट्या करायला नाही देणार.

शोरूमवाला : मुलाला फोन करू का? येईल न्यायला.

नवरा : नको. बस आहे समोरून.

बायको : सरका जरा तिकडे. स्टॉपच्या या बाकड्यावर दोन माणसं आणि चार गोधड्या कशा मावायच्या?

नवरा : मांडीवर घे दोन. दोन मी घेतो. गुडघ्याला ऊब तरी मिळेल.

बायको : भर उन्हात ऊब! लोक बघतायत.

नवरा : बघू देत. आपण रस्त्याकडे बघू.

बायको : अहो, ती आपलीच बस ना? गेली की!

नवरा : भरलेली होती.

बायको : अर्धी रिकामी होती. मी बघितली.

नवरा : मागची येईल. तुला एक सांगायचं राहिलंय.

बायको : काय?

नवरा : एकदा आपण दवाखान्याच्या खिडक्यांच्या काचा नेत होतो. तू मागे बघत होतीस. आपल्या पुढे एक टेम्पो चाललेला, कोणाचं तरी घर हलत होतं. खुर्च्या, हंडे, आणि एक आरशाचं कपाट, उभं बांधलेलं, आपल्याकडे तोंड करून. त्या आरशात आपली गाडी दिसत होती. सगळी. मी स्टिअरिंगवर, आणि शेजारी तू. पाठमोरी. वेणी पुढच्या काचेकडे, हात मागच्या काचेवर टेकलेला, ताप बघावा तसा. मी तोवर आपल्याला कधी असं बघितलंच नव्हतं, बाहेरून.

बायको : मग सांगितलं का नाहीत?

नवरा : काचा होत्या ना मागे. त्या टेम्पोला ओलांडायला जागा होती, पण मी नाही ओलांडलं. पाच-सहा किलोमीटर त्याच्या मागे मागे गेलो. त्याला वाटलं असेल, कोण हा पाठलाग करतोय. मग तो भलत्याच रस्त्याला वळला. मीही वळलो त्याच्या मागे.

बायको : म्हणून त्या दिवशी दवाखान्यात उशीर झाला! आणि मी त्या डॉक्टरला म्हणाले...

नवरा : की ह्यांना रस्ते कळत नाहीत. ऐकलं मी. असं पुष्कळ आहे. भरल्या फेऱ्यांमध्ये पुढे काय काय दिसलं ते सगळं राहिलंय सांगायचं. येताना सांगू म्हणायचो, पण येताना तू सुरू झालीस की माझा नंबर कधी लागायचा? हसतेस काय?

बायको : कुठे हसतेय? रस्त्याकडे बघा तुम्ही, माझ्याकडे नका बघू. बोला. तो वळल्यावर पुढे काय दिसलं?